निर्जन बेटाचा साक्षीदार

सन १७४१ च्या नोव्हेंबर महिन्याची ७ तारीख. उत्तर पॅसिफिक महासागरातील एका ओसाड किनाऱ्याला एक लहानशी होडी लागली आणि तिच्यातून काही आजारी खलाशी व त्यांना आधार देणारी दोन-तीन धडधाकट माणसे खाली उतरली. समोर बर्फाचे माथे असलेले डोंगर होते, दृष्टी पोहोचेल तिथवर एकही झाड नव्हते. मागे समुद्रात फाटक्या शिडांचे 'सेंट पीटर' हे रशियन जहाज उभे होते आणि त्यावर पन्नासाहून अधिक माणसे स्कर्व्हीने जर्जर होऊन पडली होती. हा कामचाटकाचाच किनारा, दोन दिवसांच्या चालीवर वस्ती लागेल, अशी अधिकाऱ्यांची खात्री होती. होडीतून उतरलेल्या एका ३२ वर्षांच्या जर्मन निसर्गतज्ज्ञाला मात्र ती खात्री वाटेना. कोल्हे माणसाला न भिता थेट पायांशी येत होते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात प्रचंड काळ्या पाठी वर येत होत्या आणि तसला प्राणी कामचाटकात त्याने कधी पाहिला नव्हता, की त्याविषयी ऐकलेही नव्हते. ज्या भूमीवरचे पशू माणसाला ओळखत नाहीत, तिथे माणूस कधी राहिलेलाच नाही, हे त्याने ताडले. ते एक बेट होते. त्या माणसाचे नाव गेऑर्ग विल्हेल्म स्टेलर.

स्टेलरचा जन्म १० मार्च १७०९ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या विंड्सहाइम या गावी झाला. वडील चर्चमध्ये गायन आणि ऑर्गनवादन करीत. घर भरलेले, उत्पन्न बेताचे. धर्मोपदेशक होण्यासाठी तो प्रथम विटेनबर्ग आणि नंतर हाले येथील विद्यापीठात गेला. परंतु तेथे त्याचे मन वैद्यकात आणि त्याहून अधिक वनस्पतिशास्त्रात रमले. विद्वत्ता होती, शिकवण्याची हातोटी होती. मात्र जर्मनीत कायमची प्राध्यापकी मिळण्याची चिन्हे दिसेनात. त्या काळी पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीची दारे परदेशी विद्वानांना खुली होती. १७३४ साली डान्झिगच्या वेढ्यातील जखमी रशियन सैनिकांना घेऊन जाणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून काम पत्करून त्याने रशिया गाठला. पुढे नोव्हगोरोदचे आर्चबिशप फेओफान प्रोकोपोविच यांचा आश्रय त्याला लाभला आणि १७३७ मध्ये अकादमीने कामचाटका मोहिमेसाठी त्याची नेमणूक केली.

ही मोहीम साधीसुधी नव्हती. डेन्मार्कमध्ये जन्मलेला आणि रशियाच्या आरमारात उभी हयात घालवलेला कप्तान-कमांडर व्हिटस बेरिंग तिचा प्रमुख होता. सैबेरियाच्या पलीकडे समुद्र कोठवर जातो आणि अमेरिकेचा किनारा तेथून किती दूर आहे, याचा शोध घ्यायचा होता. त्यासाठी माणसे, अवजारे, नांगर, दोरखंड आणि तोफा हजारो मैल खुष्कीने व नद्यांवरून वाहून न्याव्या लागल्या आणि पॅसिफिकच्या किनाऱ्यावर जहाजे बांधावी लागली. तयारीतच अनेक वर्षे गेली होती. बेरिंग साठीच्या घरात आलेला, थकलेला होता.

निघण्यापूर्वी स्टेलरने विवाह केला. पत्नी ब्रिगिटा ही सैबेरियाचा संशोधक डॅनियल मेसरश्मिट याची विधवा. मॉस्कोपर्यंत ती त्याच्यासोबत आली. पण सैबेरियातील खडतर आयुष्य काय असते हे ती जाणून होती. तिने पुढे येण्यास नकार दिला. पती-पत्नींची पुन्हा भेट झाली नाही. एकट्या स्टेलरने सैबेरिया ओलांडला. मोहिमेतील इतर विद्वान नोकरचाकर आणि सामानसुमान घेऊन प्रवास करीत. स्टेलरजवळ खाण्यापिण्यासाठी एकच भांडे असे, स्वयंपाक तो स्वतः करी आणि वाटेतल्या वनस्पती, पक्षी व मासे यांच्या याद्या लिहीत राही. १७४० च्या शरद ऋतूत तो कामचाटकात पोहोचला. अमेरिकेकडे निघणाऱ्या जहाजावर येण्याचे निमंत्रण बेरिंगने त्याला दिले आणि ते त्याने स्वीकारले.

४ जून १७४१ रोजी 'सेंट पीटर' आणि 'सेंट पॉल' ही दोन जहाजे अवाचाच्या उपसागरातून निघाली. येथील तारखा तत्कालीन रशियन दिनदर्शिकेच्या आहेत. आजच्या गणनेत त्या ११ दिवस पुढे सरकतात. पहिल्या पंधरा-सोळा दिवसांतच धुक्यात आणि वादळात जहाजांची ताटातूट झाली. बेरिंगच्या जहाजावर पाऊणशेहून थोडी अधिक माणसे होती. त्यांत स्टेलर जवळजवळ उपराच. समुद्रातून वाहत येणाऱ्या वनस्पतींवरून जमीन कोठे असावी याचे अनुमान तो सांगे आणि अधिकारी त्याला हसत. दर्यावर्दीपणाचा अनुभव नसलेल्या पंडिताने आपल्याला शिकवावे, हे त्यांना रुचत नसे. स्टेलरचा स्वभावही काही कमी तिखट नव्हता. आपले खरे ठरले की ते दुसऱ्याला ऐकवल्यावाचून त्याला राहवत नसे.

१६ जुलैला अलास्कातील हिमाच्छादित पर्वतरांग दिसली. चार दिवसांनी कायाक बेटाजवळ नांगर पडला, तो केवळ पिण्याचे पाणी भरून घेण्यासाठी. स्टेलरला किनाऱ्यावर जाण्याची परवानगी प्रथम नाकारण्यात आली. बराच वाद झाल्यावर, पाणी आणणाऱ्या होडीतून जाण्याची मुभा त्याला मिळाली. सुमारे दहा तास आणि मदतीला लेपेखिन नावाचा एक कोसॅक. एवढ्यात त्याने वनस्पती गोळा केल्या, चुलीची ताजी राख शोधली आणि धुरावलेले मासे साठवलेले एक तळघरही पाहिले. लेपेखिनने टिपलेला एक निळा तुरेवाला पक्षी हाती येताच, अमेरिकेतील पक्ष्यांच्या एका पुस्तकातील चित्र त्याला आठवले. त्या पक्ष्याचे हे सख्खे नातलग होते. आपण खरोखरच अमेरिकेत आलो आहोत, हा निष्कर्ष त्याने एका पाखरावरून काढला आणि तो अचूक होता. दहा वर्षांच्या तयारीनंतर दहा तासांचे संशोधन पदरी पडले, याची खंत मात्र त्याला आयुष्यभर राहिली. काही पिंपे रिकामी असतानाच दुसऱ्या दिवशी बेरिंगने परतीचा हुकूम दिला.

त्या रिकाम्या पिंपांची किंमत पुढे मोजावी लागली. ऑगस्टअखेर जहाज पुन्हा काही बेटांपाशी पाण्यासाठी थांबले. किनाऱ्याजवळच्या डबक्यातील पाणी मचूळ आहे, थोडे आत गेल्यास चांगला झरा आहे, हे स्टेलरने दाखवून दिले. सोय पाहून खलाशांनी डबक्यातलेच पाणी भरले. स्कर्व्ही तोवर जहाजावर पसरू लागली होती. ताज्या वनस्पती गोळा करण्यासाठी त्याने काही माणसे मागितली, तीही मिळाली नाहीत. आजच्या भाषेत ज्याला आपण 'क' जीवनसत्त्वाचा अभाव म्हणतो, त्याचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. परंतु उत्तरेकडच्या लोकांना हा आजार फारसा का होत नाही आणि ते काय खातात, हे स्टेलरने कामचाटकात पाहिले होते. त्याने स्वतः खुडून आणलेल्या पाल्याने अंथरुणाला खिळलेला बेरिंग काही दिवसांत उठून डेकवर आला. पाला मात्र थोडा होता आणि तो लवकरच संपला.

त्यानंतरचे दोन महिने वादळांत गेले. रोज मरणाऱ्यांची भर पडू लागली. सुकाणू धरणाऱ्यालाच दोघांनी धरून उभे करावे लागे. ४ नोव्हेंबरला जमीन दिसली तेव्हा सर्वांना हायसे वाटले. बेरिंगचे मत पुढे जाण्याचे होते. पण स्वेन वाक्सेल आणि इतर अधिकाऱ्यांनी तेथेच किनारा धरण्याचा आग्रह धरला. ६ तारखेच्या रात्री नांगरांचे दोर तुटले, एका प्रचंड लाटेने जहाज खडकांच्या रांगेवरून उचलून आतल्या शांत पाण्यात आणून सोडले आणि ते फुटण्यापासून वाचले. दुसऱ्या दिवशी स्टेलर किनाऱ्यावर उतरला.

तेथे निवारा नव्हता. ओढ्याकाठच्या वाळूत खड्डे खणून त्यांवर वाहून आलेली लाकडे व शिडांचे कापड टाकण्यात आले आणि तीच घरे झाली. जहाजाच्या कोंदट पोटातून बाहेर काढताच मोकळ्या हवेत काही जणांनी प्राण सोडले. कोल्ह्यांनी उच्छाद मांडला. ते अन्न पळवत, बूट पळवत, झोपलेल्यांना चावत आणि पुरण्याआधीच प्रेतांचे हातपाय कुरतडून टाकत. पहिल्याच दिवशी स्टेलरने बर्फाखालून मिळतील तेवढ्या वनस्पती गोळा केल्या आणि पक्षी मारून त्यांचे सार करवले. आपल्या खड्ड्यातील सोबत्यांसाठी त्याने समाईक चूल मांडली. अधिकारी आणि नोकर एकत्र जेवू लागले. वरच्या दर्जाच्या माणसांनी खालच्यांना वडिलांच्या नावासह आदराने हाक मारायला सुरुवात केली. पीटर्सबर्गमध्ये हे अशक्य होते. त्या बेटावर मात्र कामाचे दोन हात असलेला प्रत्येक माणूस मोलाचा होता.

बेरिंगला वाचवणे स्टेलरला जमले नाही. खड्ड्याच्या कडांवरून वाळू ओघळून वृद्ध कप्तानाच्या अंगावर साचत होती. तिच्यात ऊब वाटते म्हणून ती काढू नका, असे त्याने सांगितले. ८ डिसेंबर १७४१ रोजी पहाटेपूर्वी त्याचा अंत झाला, तेव्हा तो जवळजवळ अर्धा पुरला गेलेला होता. प्रॉटेस्टंट पंथाच्या विधीने त्याचे दफन करण्यात आले. पुढे त्या बेटाला त्याचेच नाव मिळाले. १९९१ मध्ये डॅनिश आणि रशियन संशोधकांनी त्याची कबर शोधून अवशेष तपासले, तेव्हा त्याच्या दातांवर स्कर्व्हीच्या खुणा आढळल्या नाहीत. त्याला नेले ते बहुधा अन्य दुखण्याने.

हिवाळा सरत गेला तसे मृत्यू थांबले. पाणमांजरांचे आणि सीलचे ताजे मांस, बर्फ वितळल्यावर उगवलेला पाला आणि ओढ्याचे गोडे पाणी यांनी माणसे उभी राहिली. वेळ मिळू लागला तसा जुगारही सुरू झाला. समुद्री पाणमांजराच्या मऊ, दाट फरला चीनच्या बाजारात सोन्याचा भाव होता, आणि या किनाऱ्यावर ती जनावरे लाठीने मारता येत. पत्त्यांच्या डावांत कातड्यांचा पैसा झाला. हरलेला खलाशी दुसऱ्या दिवशी आणखी जनावरे मारी, कातडे काढून घेई आणि मांस तिथेच टाकून देई. स्टेलरला याचा संताप येई. पाणमांजरे दूर सरकत गेली आणि अन्नासाठी डोंगर ओलांडून मैलोगणती पायपीट करण्याची पाळी सर्वांवर आली. तरीही परतताना त्याच्याही वाट्याला कातडी आलीच. तो काही साधू नव्हता.

पाणमांजरे दुर्मीळ होऊ लागल्यावर सर्वांचे लक्ष किनाऱ्यालगत चरणाऱ्या त्या काळ्या पाठींकडे वळले. ही समुद्रगाय. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात आढळणाऱ्या डुगाँगची ही अजस्र, थंड प्रदेशातील बहीण. लांबी सात-साडेसात मीटर, वजन कित्येक टन, कातडी जुन्या ओकवृक्षाच्या सालीसारखी जाड आणि खरबरीत. तोंडात दात नाहीत. त्यांच्या जागी समुद्रवनस्पती रगडणारे दोन कठीण पट्टे. ती पूर्ण बुडी मारू शकत नसे. दिवसभर उथळ पाण्यात खाणे आणि मधूनमधून नाक वर काढून श्वास घेणे, एवढाच तिचा दिनक्रम. कळपात पिले मध्ये असत आणि मोठी जनावरे सभोवती.

तिला मारणे सोपे नव्हते. मोठा लोखंडी आकडा दोराला बांधून होडीतून तिच्या अंगात रुतवायचा आणि किनाऱ्यावरच्या तीस माणसांनी तो दोर ओढायचा, अशी रीत ठरली. सुरुवातीचे प्रयत्न फसले, नंतर यश आले. मांस गोमांसासारखे, चरबी बदामाच्या तेलासारखी गोड, आणि उन्हातही कित्येक दिवस न नासणारी. एका जनावरात साऱ्या तांड्याचे अनेक दिवसांचे पोट भरे. अशक्त माणसांच्या अंगात ताकद आली, आणि जहाज बांधण्याचे काम पुढे सरकू लागले ते या मांसाच्या जोरावर.

स्टेलरही ते मांस खात होता आणि त्याच वेळी त्या प्राण्याला न्याहाळत होता. एखादी समुद्रगाय आकड्यात अडकली की इतर जनावरे तिच्या मदतीला धावत, होडी उलथवू पाहत, दोरावर भार टाकून तो तोडू पाहत, शेपटीच्या तडाख्याने आकडा निखळवू पाहत, हे त्याने टिपून ठेवले. मादीला मारून किनाऱ्यावर ओढल्यानंतर तिचा नर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याच जागी येत राहिला, ही नोंदही त्याचीच. १२ जुलै १७४२ रोजी त्याने एका मादीचे विच्छेदन केले. पाऊस होता. मदतनिसांना तंबाखू देऊन राबवावे लागत होते आणि ते अवयव फाडून ठेवत. कोल्हे त्याच्या डोळ्यांदेखत कागद, दौत आणि कापलेले भाग पळवत होते. तरी त्याने हृदयाचे वजन घेतले, जठर मोजले आणि सुमारे दीडशे मीटर लांबीचे आतडेही मोजले. जिवंत समुद्रगाय पाहून तिचे शास्त्रीय वर्णन लिहिणारा तो पहिला निसर्गतज्ज्ञ होता. तोच शेवटचाही ठरला.

जहाजावरचे सुतार मरून गेले होते. वादळाने किनाऱ्यावर फेकलेले 'सेंट पीटर' मोडून त्याच्या लाकडांतून लहान जहाज उभारण्याचे काम सावा स्टारोदुब्त्सेव या कोसॅकने अंगावर घेतले. १३ ऑगस्ट १७४२ रोजी ते निघाले आणि दोन आठवड्यांच्या आत अवाचाच्या उपसागरात पोहोचले. परतलेल्यांची संख्या ४६ होती. कामचाटकात त्यांना मृत समजून त्यांचे सामानही लोकांनी वाटून घेतले होते. जहाजात जागा इतकी अपुरी होती, की स्टेलरला समुद्रगायीचे तयार केलेले नमुने बेटावरच टाकून यावे लागले. प्राण्यांची कातडी मात्र शेकड्यांनी आली. स्टेलरने आणले ते मुख्यतः कागद.

पुढील घटनांचा क्रम याच दोन ओझ्यांनी ठरवला. कातडी बाजारात दिसताच फरचे व्यापारी जागे झाले. १७४३ मध्येच येमेल्यान बासोव या सार्जंटने त्या बेटाकडे गलबत नेले. त्यानंतर टोळ्यांमागून टोळ्या निघाल्या. अलास्काकडे जाणाऱ्या शिकाऱ्यांना बेरिंग बेट म्हणजे वाटेतले कोठार वाटू लागले. समुद्रगायी मारायच्या, मांस खारवायचे आणि पुढे जायचे. जखमी होऊन समुद्रात निसटलेली आणि मग तिथेच मेलेली जनावरे हाती लागलेल्यांहून कितीतरी अधिक. अभ्यासकांच्या अंदाजानुसार त्या बेटांभोवती मुळात या प्राण्यांची संख्या जेमतेम दीड-दोन हजार होती. १७५५ मध्ये याकोव्लेव नावाच्या खाणतज्ज्ञाने ही शिकार थांबवावी, असे कामचाटकाच्या अधिकाऱ्यांना कळवले. त्याचा उपयोग झाला नाही. १७६८ मध्ये शेवटची समुद्रगाय मारली गेली. स्टेलरने तिला प्रथम पाहिले, त्याला तेव्हा अवघी २७ वर्षे झाली होती. त्याच बेटावर त्याने वर्णिलेला, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे वर्तुळ असलेला जड अंगाचा पाणकावळाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला.

हे पाहायला स्टेलर जिवंत नव्हता. परतल्यावर दोन वर्षे तो कामचाटकात राहिला. तेथील मूळ रहिवासी इटेल्मेन लोकांची भाषा, अन्न आणि चालीरीती त्याने नोंदवल्या आणि मुलांसाठी शाळा सुरू केली. त्या लोकांवरील जुलमाबद्दल तो उघडपणे बोले. बंडाच्या संशयावरून धरलेल्या काही कैद्यांना त्याने सोडून दिले आणि त्यासाठी त्याच्यावरच बंडाला चिथावणी दिल्याचा आरोप आला. इर्कुट्स्क येथे चौकशी होऊन तो निर्दोष ठरला. पण ती बातमी राजधानीला पोहोचण्यापूर्वीच तेथून अटकेचा हुकूम सुटला होता. युरोपच्या उंबरठ्यावर, सोलिकाम्स्क येथे असताना त्याला पकडून पुन्हा सैबेरियात मागे नेण्यात आले. वाटेत सुटकेचा आदेश आला, तोवर हिवाळा सुरू झाला होता. अंगात ताप असताना त्याने घाईघाईने पश्चिमेचा रस्ता धरला आणि १२ नोव्हेंबर १७४६ रोजी ट्युमेन येथे त्याचे निधन झाले. वय ३७ वर्षे. परपंथीय असल्यामुळे त्याला गावच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. तुरा नदीच्या काठावर त्याला पुरले गेले, अंगावरच्या झग्यासाठी चोरांनी ती कबर उकरली आणि काळाच्या ओघात नदीने तो काठच कापून नेला.

त्याचे कागद मात्र अकादमीत पोहोचले. समुद्री प्राण्यांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७५१ मध्ये प्रसिद्ध झाला, कामचाटकाचे वर्णन १७७४ मध्ये आणि सफरीची रोजनिशी १७९३ मध्ये. कायाक बेटावरचा तो निळा पक्षी, उत्तर पॅसिफिकचा विशाल सागरी गरुड, समुद्रसिंह आणि एक देखणे बदक आज त्याच्या नावाने ओळखले जातात आणि त्या जाती जिवंत आहेत. समुद्रगायीलाही त्याचेच नाव आहे. बेरिंग बेटावर पुढे एकोणिसाव्या शतकात वस्ती झाली आणि १९९३ मध्ये त्या द्वीपसमूहाला अभयारण्याचे संरक्षण मिळाले. २०१७ मध्ये तेथील किनाऱ्यावरील वाळूतून पाच मीटरहून लांब असा समुद्रगायीचा सापळा बाहेर काढण्यात आला. त्याला डोके नव्हते. हाडांवरून शास्त्रज्ञ तिचा आकार सांगू शकतात. ती पाण्यात कशी चरत असे, पिलांना कशी मधोमध घेत असे आणि मेलेल्या जोडीदाराकडे किती दिवस परत येत असे, हे समजून घ्यायचे तर आजही त्या भिजलेल्या बेटावर, कोल्ह्यांना हाकलत लिहिलेल्या त्या पानांकडेच जावे लागते.